पातळ ॲल्युमिनियमचा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो : पत्रा तापून वाकला आहे की आत काही बिघडले आहे?

प्रश्न (अकोल्याची अनुवादक)

नमस्कार. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला, पूर्ण ॲल्युमिनियमच्या अंगाचा, मिटल्यावर जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीचा लॅपटॉप आहे. मी घरून अनुवादाचे काम करते. त्यामुळे तो सकाळपासून रात्रीपर्यंत टेबलावर उघडाच असतो आणि चार्जरही त्याला जवळजवळ कायम जोडलेला असतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास टंकलेखन करताना तो किंचित हलतो असे पहिल्यांदा जाणवले. टेबलाचा दोष असेल असे समजून मी तो स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून पाहिला, तर तिथेही उजवा पुढचा कोपरा दाबला की डावा मागचा कोपरा उचलला जात होता. तेव्हा उचललेल्या कोपऱ्याखाली एक पोस्टकार्ड सरकत असे; आता मे महिन्यात तेच पोस्टकार्ड दुहेरी घडी करून सरकते. गेल्या दोन महिन्यांत आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या आहेत. ट्रॅकपॅड दाबल्यावर पूर्वी जो टक् असा आवाज येत असे तो आता येत नाही, अंगठ्याने बराच जोर द्यावा लागतो. आणि झाकण मिटल्यावर पुढच्या बाजूला मधोमध ते पूर्ण बसत नाही, तिथून उजेडाची बारीक रेघ दिसते.

जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले. त्यांनी लॅपटॉप न उघडताच सांगितले की आपल्याकडच्या उन्हाने पत्रा तापून वाकला आहे, ठेवून जा, दाबून सरळ करून देतो. माझ्या खोलीत डेझर्ट कूलर आहे, पण दुपारी दोननंतर त्याचाही फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला खोटे ठरवता आले नाही. तरीही लॅपटॉप तिथे ठेवून येण्याचा धीर झाला नाही.

उन्हाळ्याच्या उष्णतेने धातू खरोखर असा वाकतो का, तो दाबून सरळ करणे योग्य आहे का, आणि हातातले एक पुस्तक संपायला अजून आठवडाभर लागणार आहे तोवर हा लॅपटॉप असाच वापरणे सुरक्षित आहे का, हे कृपया कुणी जाणकारांनी सांगावे.


प्रतिसाद (टूलरूममधला निवृत्त)

ताई, मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बरीच वर्षे काम केले आहे आणि सपाट पृष्ठभाग तपासणे हेच माझे रोजचे काम होते, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देतो. तिसऱ्याचे उत्तर दुरुस्ती करणाऱ्या माणसाने द्यावे, पण तुमची ट्रॅकपॅडची तक्रार वाचून मला त्याचीच अधिक काळजी वाटते.

अकोल्याच्या उन्हाने ॲल्युमिनियम कायमचे वाकत नाही. तापल्यावर ते प्रसरण पावते हे खरे आहे : ३० सेंटिमीटर लांबीचा पत्रा ४० अंशांनी तापला, तर त्याची लांबी साधारण पाव मिलिमीटरने वाढते आणि थंड झाल्यावर तो मूळ मापावर येतो. या मिश्रधातूची ताकद उष्णतेने ढासळायला तापमान १५० ते २०० अंशांच्या पुढे जावे लागते, आणि शुद्ध ॲल्युमिनियम वितळते ते ६६० अंशांना. मांडीवर ठेवलेला लॅपटॉप चटका देऊ लागतो तेव्हाही त्याचे अंग ५० अंशांच्या आसपासच असते. तेव्हा आकार कायमचा बदलला असेल, तर धातूवर कुठून तरी जोर पडलेला आहे. तो जोर बाहेरून पडला की आतून, हे आधी शोधले पाहिजे.

ते शोधण्यासाठी ओटा पुरेसा नाही. घडवलेला ग्रॅनाइट दिसायला सपाट असला तरी त्यात बारीक चढउतार असतात. काचवाल्याकडून ८ किंवा १० मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा आणा. कारखान्यातल्या सरफेस प्लेटची सर त्याला येणार नाही, पण या कामाला तो पुरतो. काचेखाली जुन्या चादरीची घडी घाला, म्हणजे टेबलाचा दोष काचेत उतरणार नाही. मोजायला पोस्टकार्ड नको. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट लावताना वापरतात ती फीलर गेज मागून आणा. तिच्यात शतांश मिलिमीटरमध्ये मापे कोरलेल्या पोलादी पट्ट्या असतात आणि कोणती पट्टी अडते, कोणती सरकते यावरून फट नेमकी कळते.

आता पाहायचे काय, तर वाकणे दोन तऱ्हेचे असते. सुतार फळीबद्दल बोलताना पीळ आणि फुगवटा हे दोन दोष वेगळे सांगतात, तसेच इथेही समजा. समोरासमोरचे दोनच कोपरे आलटून पालटून टेकत असतील आणि पोट काचेपासून वर असेल, तर तो पीळ आहे. उघडा लॅपटॉप एका हाताने, एकाच कोपऱ्याला धरून उचलण्याची सवय असेल तर तो हळूहळू येतो. पण लॅपटॉप पोटावर टेकून सगळ्याच बाजूंना डोलत असेल आणि बोटाने हलकेच ढकलल्यावर काचेवर सहज गोल फिरत असेल, तर तो फुगवटा आहे. फुगवटा बाहेरच्या दाबाने क्वचितच येतो.

मोजण्यापूर्वी तळाचे रबरी पाय मात्र नीट पाहून घ्या. चार पायांपैकी एक झिजला किंवा उन्हाने गोंद सैल होऊन सरकला, तरीही डुगडुग तशीच येते. तीन पायांची तिपाई ओबडधोबड जमिनीवरही हलत नाही, चौथा पाय आला की अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हाताला कळतो.

दाबून सरळ करण्याबद्दल माझे स्पष्ट मत आहे की ते करू देऊ नका. ॲल्युमिनियम दाबले की थोडे उलट उसळते, म्हणून सरळ करायचे तर हव्या त्या रेषेच्या पलीकडे वाकवावे लागते. सुटा पत्रा असेल तर ते जमते. लॅपटॉपमध्ये त्याच पत्र्याला लागून मदरबोर्ड, त्यावरचे बारीक डाक (सोल्डरचे सांधे) आणि पडद्याची काच आहे, आणि पलीकडे वाकवण्याचा सगळा ताण त्यांच्यावर जातो. शिवाय जाडी निम्मी केली की पत्र्याचा ताठपणा निम्मा होत नाही, एक अष्टमांश होतो. या पातळ यंत्रांचा ताठपणा पत्र्यात फार कमी आणि सगळे भाग स्क्रूंनी एकमेकांना बांधलेल्या पेटीच्या आकारात अधिक असतो. तळाचे एकदोन स्क्रू हरवले असतील तरी ती पेटी ढिली पडते, तेव्हा तेही मोजून घ्या.


प्रतिसाद (अकोल्याची अनुवादक)

काका, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. काच आणली आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून फीलर गेजही मिळाली. रबरी पाय चारही जागेवर आहेत आणि तळाचे सर्व स्क्रूही आहेत. पुढच्या दोन पायांच्या बरोबर मधे, म्हणजे हात टेकतात त्या भागाच्या खाली, तळ काचेला चिकटून आहे आणि उजव्या पुढच्या पायाखाली ०.८ मिलिमीटरची पट्टी सहज जाते. ढकलल्यावर लॅपटॉप काचेवर गोल फिरतो. हा फुगवटाच दिसतो. एका हाताने उचलण्याची सवयही मला आहे, हे प्रामाणिकपणे सांगते.


प्रतिसाद (दुरुस्तीचे टेबल)

ताई, आपण हा लॅपटॉप आत्ता चार्जरवर असेल तर आधी चार्जर काढा आणि मग पुढचे वाचा.

मी गेली बारा वर्षे लॅपटॉप दुरुस्त करतो आहे. हात टेकतात तिथे तळ खाली आलेला, ट्रॅकपॅड दाबला न जाणारा आणि झाकण पुढे न मिटणारे, ही तिन्ही लक्षणे एकत्र असलेले यंत्र मी उघडले आहे तेव्हा आत बॅटरी फुगलेलीच निघाली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरीच्या चारपाच मिलिमीटर जाडीच्या चपट्या थैल्या नेमक्या ट्रॅकपॅडच्या खाली आणि दोन्ही बाजूंना बसवलेल्या असतात. त्यांचे वेष्टन म्हणजे प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचा एकत्र दाबलेला पातळ पापुद्रा असतो, पूर्वीच्या गोल सेलसारखा पोलादी डबा नसतो. आत वायू तयार झाला की थैली टम्म फुगते, वर ट्रॅकपॅडला खालून रेटते आणि खाली पत्र्याला बाहेर ढकलते.

वायू तयार होण्याचे कारण तुमच्या पहिल्या परिच्छेदातच आहे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्याचा विद्युतदाब साधारण ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक असतो, आणि त्या विद्युतदाबावर आतला विद्राव हळूहळू विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीनसारखे वायू सुटतात. तापमान वाढले की ही क्रिया वेगाने होते. चार वर्षे सतत १०० टक्के भरलेली बॅटरी आणि त्यात विदर्भाचा उन्हाळा, हा तिच्यासाठी सर्वांत वाईट योग आहे. अनेक उत्पादक आपल्या पुस्तिकेत वापरासाठी खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंतच असावे असे लिहितात. तुमच्याकडे मेमध्ये त्यापेक्षा दहा अंश अधिक असते. म्हणून त्या दुकानदाराने उन्हाचे नाव घेतले त्यात थोडे तथ्य आहे, फक्त मधला दुवा त्यांनी पाहिला नाही. उन्हाने पत्रा वाकलेला नाही. उन्हाने बॅटरी फुगली आणि बॅटरीने पत्रा वाकवला. असा लॅपटॉप कुणी न उघडता वरून दाबणे हे सर्वांत धोक्याचे आहे, कारण थैली आतून चेपली गेली आणि तिच्यातले धन आणि ऋण थर एकमेकांना भिडले, तर ती क्षणात पेटू शकते.

बॅटरी अजून काही तास चालत असली, तरी त्यावरून ती ठीक आहे असा निष्कर्ष कृपया काढू नका. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता पाहता येते, पण फुगलेल्या बॅटरीचे आकडे पुष्कळदा चांगलेच असतात. फुगवटा डोळ्यांनीच पाहावा लागतो.

आता काय करायचे ते सांगतो. चार्जर न लावता बॅटरी २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरू द्या, त्या काळात महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून घ्या आणि मग यंत्र बंद करा. अंथरुणावर, कपाटात किंवा उन्हात ठेवू नका. फरशीवर, आजूबाजूला कागद-कापड नसेल अशा जागी ठेवा. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास आला तर ते आत गळती सुरू झाल्याचे चिन्ह समजा आणि यंत्र लगेच मोकळ्या हवेत न्या. नंतर उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्रात किंवा तुमच्यासमोर तळ उघडून दाखवणाऱ्या दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. स्वतः बॅटरी काढू नका, कारण पुष्कळ मॉडेलांमध्ये ती मजबूत गोंदाने चिकटवलेली असते आणि उचकटताना थैलीला टोक लागण्याचा धोका असतो.

आपल्या पुस्तकाचे काम अडू नये म्हणून एक मार्ग आहे. बॅटरी काढून घेतल्यावर बरेच लॅपटॉप केवळ चार्जरवर चालतात. काही मॉडेले तेव्हा मुद्दाम गती कमी करतात, पण अनुवादाच्या कामाला तेवढे पुरते. नवीन बॅटरी येईपर्यंत तसे चालवता येईल. फक्त वीज गेली की यंत्र त्याच क्षणी बंद पडेल, हे लक्षात ठेवून दर पाच मिनिटांनी काम जतन करा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती सेवा केंद्रातच जमा करा.


प्रतिसाद (डोंबिवली ते सीएसएमटी)

माझा अनुभव वेगळ्या कारणाचा आहे, पण दाबून सरळ करण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो वाचावा म्हणून लिहितो.

माझा पातळ लॅपटॉप सकाळच्या जलद लोकलमध्ये वाकला. गर्दीत सॅक पुढे छातीवर घ्यावी लागते, आत लॅपटॉपच्या पाठीला पाण्याची पोलादी बाटली होती आणि ठाण्यानंतर गर्दीचा सगळा रेटा त्या बाटलीवरून लॅपटॉपवर आला. घरी येऊन पाहिले तर कीबोर्डच्या वरच्या बाजूला, बिजागरीजवळ, जिथे हवा बाहेर पडण्याची लांबट फट असते आणि त्यामुळे धातू सर्वांत कमी असतो, तिथे मधोमध वाक आला होता. बॅटरी पूर्ण सपाट होती, ती मी उघडून घेऊन पाहिली होती.

मग मी दोन जाड शब्दकोशांवर दोन्ही टोके टेकवून मधे तळहाताने दाबले. पहिल्या दोन वेळा तो दबला आणि तसाच वर आला. तिसऱ्या वेळी अधिक जोर दिला तेव्हा अंग थोडे सरळ झाले, पण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून काचेवर एक केसासारखी रेघ उमटली आणि दुसऱ्या दिवशी ती वरपर्यंत गेली. वाक आला तेव्हा लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. मोडला तो मी सरळ करायला गेलो तेव्हा. पडदा बदलण्याचा खर्च लॅपटॉपच्या त्या वेळच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला.

शेवटी तळाचा पत्रा तेवढा नवीन बसवून घेतला. तो सुटा भाग असल्याने स्वस्त पडला आणि डुगडुग बरीच कमी झाली. मूळ चौकटीतला वाक अजून आहे, पण तीन वर्षे त्याने काही बिघडलेले नाही. बाटली आता मी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतो.


प्रतिसाद (ग्राहकहिताचा वाचक)

ज्यांचा लॅपटॉप अजून वॉरंटीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सेवा केंद्रात वाकलेले अंग दिसले की ते बाहेरील आघात म्हणून नोंदवून वॉरंटी नाकारण्याची शक्यता असते. म्हणून यंत्र देण्यापूर्वी काचेवर ठेवून चारही बाजूंची छायाचित्रे घ्या आणि जॉबशीटवर "वाकलेला" असे न लिहू देता "ट्रॅकपॅड दाबला जात नाही, तळ फुगला आहे, बॅटरी तपासावी" असे लक्षणांच्या भाषेत लिहून घ्या. लेखी नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.

वॉरंटी संपली असली तरी उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपला अनुक्रमांक टाकून पाहावा. जून २०१९ मध्ये ॲपलने मुख्यतः सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही बॅटऱ्या विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले होते. इतर कंपन्यांनीही वेळोवेळी अशा मोहिमा काढलेल्या आहेत.


प्रतिसाद (अकोल्याची अनुवादक)

सर्वांना कळवायचे राहिले होते. इथे वाचले त्याच संध्याकाळी चार्जर काढला आणि दोन दिवसांनी सेवा केंद्रात माझ्यासमोर तळ उघडून घेतला. तळाचे शेवटचे दोन स्क्रू सुटताच पत्रा आपोआप वर उचलला गेला. बॅटरीच्या चार थैल्यांपैकी मधल्या दोन उशीसारख्या गोल झाल्या होत्या आणि त्यांच्यावर छापलेली अक्षरे ताणून रुंद झालेली दिसत होती. ते पाहिल्यावर हाच लॅपटॉप मी कालपर्यंत मांडीवर घेऊन बसत होते या विचाराने हातापायातले बळ गेले.

नवीन बॅटरी यायला सहा दिवस लागले. तोवर सुचवल्याप्रमाणे केवळ चार्जरवर काम केले. दोनदा वीज गेली, पण जतन करण्याची सवय लावून घेतल्यामुळे एका परिच्छेदापलीकडे काही गेले नाही आणि पुस्तक वेळेत पोहोचले. बॅटरी बसवल्यावर ट्रॅकपॅडचा टक् आवाज पहिल्या दाबालाच परत आला आणि झाकणही पूर्ण मिटते. आता उत्पादकाच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवले आहे.

मात्र काचेवर ठेवल्यावर उजव्या पुढच्या पायाखाली अजून ०.३ मिलिमीटरची पट्टी जाते. हे राहिलेले वाकणे धोक्याचे आहे का?


प्रतिसाद (टूलरूममधला निवृत्त)

नाही, ताई. इतके महिने बॅटरीने रेटल्यामुळे तळाचा पत्रा त्याच्या लवचीकतेच्या मर्यादेबाहेर ताणला गेला होता, तो पूर्ण मागे येणार नाही. त्यात तुमच्या एका हाताने उचलण्याचा थोडा पीळही असेल. तुलनेसाठी सांगतो : २०१८ च्या आयपॅड प्रोच्या वेळी ॲपलने त्याच्या कडांमध्ये ४०० मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे ०.४ मिलिमीटरचा फरक आपल्या मापदंडात बसतो असे सांगितले होते. नवी यंत्रेही काचेइतकी सपाट नसतात.

उजव्या पुढच्या पायाखाली तेवढ्याच जाडीची रबरी चकती चिकटवा, म्हणजे टंकताना हलणार नाही. यापुढे उचलताना झाकण मिटून दोन्ही हातांनी धरा. आजची ०.३ ही नोंद तारखेसह लिहून ठेवा आणि चकती लावल्यानंतर फट किती उरली तेही तिच्याखाली लिहा. मग दिवाळीत त्याच काचेवर, त्याच पायाखाली पुन्हा मोजा. फट वाढलेली दिसली तर चार्जर काढून पुन्हा तळ उघडून घ्यावा लागेल.